गोविंददेवजी : कळस नसलेल्या मंदिराची सात दर्शने

जयपूरच्या राजप्रासादाला लागून असलेल्या जयनिवास उद्यानात गोविंददेवजींचे मंदिर आहे. प्रथमच येणारा भाविक दुरून शिखर शोधू लागतो आणि गोंधळतो. येथे शिखर नाही. समोर दिसतो तो बागेतील प्रशस्त मंडप.

याचे कारण मूर्तीच्या स्थलांतरात आहे. चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी यांना ही कृष्णमूर्ती वृंदावनात सापडली, असे संप्रदाय मानतो. आमेरचे राजा मानसिंह यांनी १५९० मध्ये तेथे लाल दगडाचे भव्य मंदिर बांधले. औरंगजेबाच्या काळात मूर्तीला धोका निर्माण झाल्याने ती तेथून हलवण्यात आली. अनेक मुक्काम करीत, आमेरजवळच्या खोऱ्यात काही काळ राहून, ती अखेर सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या जयपुरात आली.

पंढरपूरचा विठ्ठलही विजयनगरास नेला गेला होता आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, अशी महाराष्ट्रात परंपरा आहे. गोविंददेव मात्र वृंदावनास परतले नाहीत. मानसिंहांचे मंदिर आजही तेथे उभे आहे, पण त्याचे वरचे मजले उरलेले नाहीत.

जयपुरात देव राजवाड्याच्या आवारातच राहिला. राजाला चंद्रमहालातून थेट दर्शन घडावे, अशी मंदिराची जागा आहे. राज्याचे खरे धनी गोविंददेव आणि आपण त्यांचे दिवाण, अशी जयपूर नरेशांची भूमिका होती. या भूमिकेत भक्ती होती तसे राजकारणही होते, हे नाकारण्याचे कारण नाही.

देवाची दिनचर्याही राजाला साजेशीच आहे. मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या आणि शयन अशा सात वेळा पडदा उघडतो. या दर्शनांना येथे ‘झांकी’ म्हणतात. प्रत्येक झांकी ठरावीक वेळेपुरतीच असते. पडदा सरकताच जयघोष होतो आणि मागे उभे असलेले लोक टाचा उंचावतात. नित्य येणारे अनेक जयपूरवासी मंगला झांकी झाल्यावरच कामाला लागतात.

राजभोगानंतर देव विश्रांती घेतात. त्यामुळे दुपारी पोहोचणाऱ्यास बंद पडदाच दिसतो आणि ग्वाल झांकीपर्यंत थांबावे लागते. झांक्यांच्या वेळा ऋतू आणि सणांनुसार बदलतात. त्या आदल्या दिवशी मंदिरात विचारून घेणे श्रेयस्कर.