काडतुसें आणि पत्र्याची पेटी

परभणी जिल्ह्यांतील काळ्या मातीच्या गांवांत पावसाळा घरोघर ओल घेऊन येतो. ज्वारीला बुरशी धरते, मिठाला पाणी सुटतें, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याचीं काडतुसेंहि याच ओलीनें निकामी होतात, हें पुष्कळदां प्रसंग ओढवल्यावरच उमगतें. कागदी नळीचें काडतूस ओलीनें फुगून बंदुकींत शिरत नाहीं. आंतली दारू दमटली तर बार उडत नाहीं, किंवा चाप ओढल्यावर कांहीं क्षण थांबून उडतो. हा उशिराचा बार सर्वांत घातक. म्हणून बार न उडाल्यास नळीचें तोंड निर्धोक दिशेस धरून निदान ३० सेकंद थांबावें. घाईनें बंदूक उघडूं नये.

ओलीहून छुपा शत्रु गोठ्यांत असतो. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतील फौजा पावसाळ्यांत काडतुसें तबेल्यांत ठेवीत, आणि पुढें त्यांच्या पितळी कवचांना तडे गेलेले आढळत. या कोड्याचा उलगडा १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं केला. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया वायु पितळेंतील तांब्यावर क्रिया करतो, आणि घडवितांना ताण राहिलेलें कवच चिरतें. गाईबैलांच्या गोठ्यांतहि हाच वायु असतो.

पेटी निवडतांना पत्रा जाड पोलादी व जस्त किंवा रंग चढविलेला असावा. झांकणाच्या आंतल्या कडेस रबराची सलग पट्टी असावी. आणि कडी लावतांच झांकण त्या पट्टीवर दाबून बसावें. परीक्षा सोपी आहे. रिकाम्या पेटींत कोरडा कागद ठेवून ती वजनाखालीं घटकाभर पाण्यांत बुडवावी. कागद कोरडा निघाला तरच पेटी खरी.

मात्र घट्ट पेटी बाहेरची ओल जशी आंत घेत नाहीं, तशी आंतली बाहेरहि सोडीत नाहीं. म्हणून ती कोरड्या दिवशींच भरावी व आंत सिलिका जेलची पुडी ठेवावी. पेटी चुलीपासून व तापणाऱ्या छपरापासून दूर, लांकडी फळीवर, कुलुपांत आणि मुलांच्या हाताबाहेर असावी. भिजलेलें काडतूस उन्हांत किंवा विस्तवापाशीं वाळवूं नये. तें परवानाधारक विक्रेत्यास दाखवावें. एका काडतुसाची किंमत वाचविण्यासाठीं हात किंवा डोळा गमावणें हा शहाण्या शेतकऱ्याचा व्यवहार नव्हे.