सायकलचा टायर झिजतो कसा, पुरतो किती?

सायकलच्या दुकानात नवा टायर घेताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "किती दिवस टिकेल?" दुकानदार "दोन वर्षं तरी बघायला नको" असे काहीतरी उत्तर देतो. पण हे उत्तर फारसे उपयोगाचे नाही. रोज एक किलोमीटर जाणारी सायकल आणि रोज वीस किलोमीटर जाणारी सायकल यांची 'दोन वर्षे' सारखी नसतात. टायरचे आयुष्य मोजायचे तर ते किलोमीटरमध्ये मोजायला हवे.

साध्या वापराच्या सायकलचा टायर डांबरी रस्त्यावर ढोबळमानाने २००० ते ५००० किलोमीटर चालतो. जाड रबराचे, लांबच्या प्रवासासाठी बनवलेले टायर याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त चालतात. शर्यतीच्या सायकलींचे पातळ, हलके टायर कधी कधी दोन-तीन हजारांतच संपतात. म्हणजे चांगल्या आणि वाईट परिस्थितीत पाचपटीचा फरक पडू शकतो. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेण्यासाठी आधी टायर झिजतोच का, हे पाहू.

पुस्तकातले चाक आणि रस्त्यावरचे चाक

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकवतो की न घसरता लोळणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. स्थिर असेल तर घासण्याचा प्रश्नच नाही. मग रबर जाते कुठे?

गोम अशी आहे, की पुस्तकातले चाक टणक असते आणि एका बिंदूत टेकते. टायर मात्र दबतो आणि जमिनीवर एक लांबट ठसा उमटवतो. ठशात शिरताना रबर दाबले जाते, बाहेर पडताना पुन्हा पसरते. शिवाय टायरचा गोलसर माथा सपाट होताना मधला भाग आणि कडेचे भाग यांना सारखेच अंतर कापायचे असते, पण त्यांच्या त्रिज्या वेगवेगळ्या असतात. या ओढाताणीत ठशाचा काही भाग जमिनीला घट्ट धरून राहतो, तर काही भाग, विशेषतः मागच्या कडेचा, किंचित घसरतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ मध्येच लोळणाऱ्या वस्तूंमधली ही सूक्ष्म घसरण दाखवून दिली होती. हवेचे टायर तेव्हा प्रचारात आलेलेच नव्हते. ते आले १८८८ नंतर, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली तेव्हापासून.

घसरणाऱ्या रबराचे पुढे काय होते, ते पाहायला प्रयोगशाळा नको. खोडरबर खरखरीत फरशीवर एकाच दिशेने घासा आणि भिंगातून पाहा. घासण्याच्या दिशेला आडव्या अशा बारीक वळ्या दिसतील. वळीचे टोक रस्त्यावरच्या खडीच्या कंगोऱ्यात अडकते, ताणले जाते, सुटते, पुन्हा अडकते. असे हजारो वेळा झाले की टोकाशी बारीक चीर पडते आणि शेवटी एक कण तुटून पडतो. अडॉल्फ शालामाख यांनी १९५० च्या दशकात रबराच्या झिजेतील या वळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. झिजलेल्या टायरवरही त्या आढळतात.

एका फेरीत किती रबर जाते?

एक सोपे गणित करू. नेहमीच्या २८ इंची सायकलच्या चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर असतो. समजा, ५००० किलोमीटरमध्ये मागच्या टायरच्या माथ्यावरचे २ मिलिमीटर रबर झिजले. एवढ्या अंतरात चाकाच्या फेऱ्या झाल्या सुमारे २३ लाख. दोन मिलिमीटर म्हणजे २० लाख नॅनोमीटर. म्हणजे एका फेरीत सरासरी एक नॅनोमीटरपेक्षाही कमी जाडीचा थर जातो! रबराच्या रेणूतील कार्बनचे दोन अणू एकमेकांपासून सुमारे ०.१५ नॅनोमीटर अंतरावर असतात. तेव्हा एका फेरीची झीज पाच-सहा अणूंच्या रांगेएवढीच भरते. प्रत्यक्षात रबर असे थराथराने निघत नाही, इथून तिथून कण तुटतात. ही सरासरी झाली. केसाच्या जाडीएवढे रबर जायला पावणेदोनशे किलोमीटर सायकल चालवावी लागते.

रबर इतके चिवट असण्याचे श्रेय दोन गोष्टींना जाते. पहिली गंधक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला आढळले की गंधकासह तापवलेले रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत नाही. गंधकामुळे रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांना बांधले जातात. दुसरी गोष्ट काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक. सुरुवातीचे टायर पांढुरके असत. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळली की झीज कित्येक पटींनी कमी होते हे लक्षात आले आणि टायर काळे झाले. तो काळा रंग शोभेसाठी नाही.

मागचा आधी का?

सायकलचे दोन्ही टायर एकाच दिवशी बसवले, तरी मागचा आधी संपतो. पुढचा टायर मागच्याच्या दुप्पट-तिप्पट चालतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. याची कारणे दोन. बसणाऱ्याच्या वजनाचा मोठा भाग, साधारण ६० टक्के, मागच्या चाकावर येतो. आणि पायडलचा जोर रस्त्याला पोहोचतो तोही मागच्याच चाकातून. जोर लावला की ठशातली घसरण वाढते आणि झीजही वाढते. चढ चढताना तर अधिकच.

आता कॅरिअरवर मित्राला बसवून डबलसीट निघालो तर? मित्राचे जवळजवळ सगळे वजन मागच्या चाकावर पडते. समजा, एरवी मागच्या चाकावर ४८ किलो भार होता. ५० किलोचा मित्र बसला की तो ९० किलोच्या पुढे जातो. भार दुप्पट झाला की झीज किमान तेवढ्या प्रमाणात वाढते.

याहून महागडी हौस म्हणजे करकचून ब्रेक दाबून मागचे चाक घसरवत थांबणे. चालत्या चाकात ठशातला रबराचा एखादा भाग एका फेरीत, समजा, ०.२ मिलिमीटर घसरतो. चाक जाम करून सायकल तीन मीटर घसरली, तर रबराचा तोच तळहाताएवढा तुकडा पूर्ण ३००० मिलिमीटर घासला जातो. ही झाली १५ हजार फेऱ्यांची घसरण, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटरची झीज, आणि तीही एकाच जागी. टायर संपतो तो त्याच्या सर्वांत पातळ जागी, सरासरी जाडीने नव्हे. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे!

हवा, ऊन आणि वय

हवा कमी असली की ठसा मोठा होतो, टायरच्या बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकतात आणि आतले दोरे लवकर थकतात. कमी हवेच्या टायरचा माथा शाबूत असताना बाजूंनाच चिरा पडलेल्या दिसतात. खड्ड्यात आपटल्यावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटली जाऊन पंक्चर होते, ते वेगळेच.

न वापरताही टायर म्हातारा होतो. हवेतील ओझोन वायू रबराच्या रेणूंमधील दुहेरी बंध तोडतो आणि रबर ताणलेले असेल तिथे ताणाला आडव्या चिरा पडतात. हे पाहायला दोन सारखे रबरबँड घ्या. एक लाकडी पट्टीवर ताणून बसवा, दुसरा तसाच सैल ठेवा. दोन्ही काही आठवडे उघड्या हवेत, पण सावलीत ठेवून तुलना करा. उन्हात, हवा गेलेल्या टायरवर महिनोन्महिने उभी केलेली सायकल म्हणजे हाच प्रयोग.

गुळगुळीत टायर धोक्याचा असतो का?

टायर 'गोटा' झाला की तो पावसात घसरणार, असे आपण समजतो. मोटारीच्या बाबतीत ते खरे आहे. रस्त्यावर पाणी साचलेले असताना वेग वाढला, की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये यासाठी एक सूत्र दिले. हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. चौरस इंचाला ३२ पौंड दाब असलेल्या मोटारीच्या टायरसाठी तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. सायकलच्या ५० पौंडांच्या टायरसाठी तो येतो ११८ किलोमीटर. इतक्या वेगाने कोण सायकल चालवणार? शिवाय सायकलचा अरुंद, गोल टायर पाणी सहज बाजूला सारतो. म्हणूनच शर्यतीचे टायर मुळातच गुळगुळीत बनवतात. नक्षीचा उपयोग मातीत आणि चिखलात होतो.

मग गोटा झालेल्या टायरचा धोका कोणता? रबर पातळ झाल्यामुळे काचा, खिळे, बाभळीचे काटे लवकर आत पोहोचतात. पंक्चरे वाढू लागली की टायर संपत आल्याची ती पहिली खूण समजावी. त्यापुढे आतले दोरे दिसू लागतात किंवा एखाद्या जागी फुगवटा येतो. अशा टायरवर एक दिवसही जाऊ नये. पुढचा टायर धावताना फुटला तर हँडल ताब्यात राहत नाही. त्यामुळे मागचा टायर संपला की पुढचा, कमी झिजलेला टायर मागे घालावा आणि नवा टायर पुढे बसवावा. चांगला टायर नेहमी पुढे!

फूटपट्टीने मोजा

झीज मोजायला भूमितीच पुरते. गोल माथ्याचा टायर झिजला की माथ्यावर एक सपाट पट्टा तयार होतो. टायरच्या रुंदीच्या निम्मे म्हणजे त्रिज्या धरा. पट्ट्याच्या रुंदीचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागा. उत्तर म्हणजे झिजलेली जाडी. समजा, ३६ मिलिमीटर रुंद टायरवर पट्टा १७ मिलिमीटरचा आहे. १७ चा वर्ग २८९, भागिले (८ × १८), म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. वर्तुळाच्या जीवेचे प्रमेय शिकवल्यावर दहावीच्या वर्गाला हे सूत्र सिद्ध करता येईल. दर महिन्याला मोजमाप घेतले, की किलोमीटर आणि झीज यांचा आलेखही काढता येईल.

झिजलेले रबर जाते कुठे?

वरच्या उदाहरणात एका टायरचे ५० ते ६० ग्रॅम रबर गेले, म्हणजे किलोमीटरला साधारण ११ मिलिग्रॅम. मोटारीचे चार टायर मिळून किलोमीटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास रबर सांडतात. ही धूळ पावसाबरोबर गटारात, ओढ्यात, नदीत जाते. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात पावसानंतर ओढ्यांत परतणारे कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत असत. त्याचे कारण डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केले. ओझोनपासून टायरचे रक्षण करण्यासाठी रबरात घातलेल्या एका रसायनाचेच ओझोनशी अभिक्रिया होऊन माशांसाठी विष तयार होत होते. टायर टिकवणारी वस्तू टायरबाहेर गेल्यावर काय करते, हा प्रश्न आता रसायनशास्त्रापुढे आहे.

शाळेच्या सायकल-स्टँडवर

शाळा घरापासून चार किलोमीटर असेल, तर रोजचे आठ किलोमीटर होतात. वर्षाच्या २२० दिवसांचे १७६० किलोमीटर. साधा टायर ३५०० किलोमीटर चालला, तर आठवीत मिळालेल्या सायकलचा मागचा टायर नववी संपताना, दहावीच्या तोंडावर संपतो. मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सायकल मिळते, पण टायरचा खर्च घरावर पडतो, आणि टायर नसलेली सायकल दाराशी उभी राहिली की शाळा चार किलोमीटर दूर जाते. सत्राच्या सुरुवातीला विज्ञानाचा एक तास सायकल-स्टँडवर घ्यावा. मुलांनी हवा, चिरा आणि सपाट पट्टा तपासून नोंद करावी. कोणाचा टायर यंदा संपणार, हे त्या नोंदीवरून जूनमध्येच कळेल आणि तजवीज करायला वेळ मिळेल.