एस्टोनियाचा संगणकीय कारभार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या, जेमतेम तेरा लाख लोकवस्तीच्या एस्टोनियाने १९९१ साली सोव्हिएत अमलातून मुक्त झाल्यावर तंत्रज्ञानात जी प्रगती साधली, तिच्याविषयी कौतुक पुष्कळ होते. परंतु त्या कौतुकात काही गैरसमजही मिसळलेले असतात.

गैरसमज : ही सारी करामत स्काइपची.
वस्तुस्थिती : स्काइप २००३ साली अवतरली. तिचे संस्थापक एक स्वीडिश व एक डॅनिश असून आज्ञावली मात्र एस्टोनियन तंत्रज्ञांनी रचली होती. तत्पूर्वीच, १९९६ साली, राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी ‘वाघाची झेप’ या नावाची योजना जाहीर करून शाळाशाळांतून संगणक व इंटरनेट पोहोचविण्याचा संकल्प सोडला होता. आणि टॅलिन येथील सायबरनेटिक्स संस्था तर १९६० पासून, म्हणजे सोव्हिएत काळापासूनच, कार्यरत होती.

गैरसमज : सरकारने उद्योगांवर अनुदानांची खैरात केली, म्हणून ते वाढले.
वस्तुस्थिती : शासनाचा खरा वाटा कायद्यांचा होता. २००० साली संगणकीय सहीला हातच्या सहीइतकीच कायदेशीर मान्यता मिळाली. त्याच वर्षापासून कंपनीने जो नफा वाटून न टाकता धंद्यातच गुंतविला, त्यावर प्राप्तिकर आकारणे बंद झाले. आणि २००२ पासून नागरिकांना ओळखपत्रे देण्यात येऊ लागली, ज्यांच्या प्रमाणीकरणाचे काम बँका व दूरध्वनी कंपन्यांनी मिळून काढलेल्या संस्थेकडे होते.

गैरसमज : नागरिकांची सगळी माहिती एकाच मध्यवर्ती दप्तरात कोंडलेली आहे.
वस्तुस्थिती : प्रत्येक खाते आपापली नोंदवही स्वतःजवळच ठेवते, आणि २००१ साली सुरू झालेल्या ‘एक्स-रोड’ या दुव्यावरून, अधिकार असेल तेवढाच तपशील एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातो. शिवाय आपली नोंद कोणत्या कचेरीने केव्हा पाहिली, हे नागरिक घरबसल्या पाहू शकतो. एखाद्या अंमलदाराने निव्वळ कुतूहलापोटी ती उघडली असेल, तर त्याला जाब द्यावा लागतो.

गैरसमज : ‘ई-रेसिडेन्सी’ म्हणजे नागरिकत्व.
वस्तुस्थिती : २०१४ अखेर सुरू झालेल्या या सवलतीने परदेशस्थास तेथे कंपनी नोंदविता येते, देशात राहण्याचा किंवा मतदानाचा हक्क मिळत नाही.

गैरसमज : ही व्यवस्था अभेद्य आहे.
वस्तुस्थिती : २००७ साली झालेल्या संगणकीय हल्ल्यांत बँका, वृत्तपत्रे व सरकारी कचेऱ्या यांची संकेतस्थळे ठप्प झाली होती. २०१७ मध्ये सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांतील चिपमध्ये दोष आढळला, तेव्हा शासनाने तो आपण होऊन जाहीर केला आणि पुढे त्या पत्रांची प्रमाणपत्रे स्थगित केली. छोट्या राष्ट्रांनी एस्टोनियाकडून यंत्रे व आज्ञावल्या खुशाल उचलाव्यात. पण सहीचा कायदा, नोंदी पाहणाऱ्यावरची नजर आणि चूक कबूल करण्याची रीत ज्यांनी मागे ठेवली, त्यांच्या हाती केवळ महागडे दप्तर राहील.