कुकरमधील अळणी

आमच्या घरी कोंबडी शिजली की तिखट-मसाला पडण्यापूर्वीच तिचे हळद-मिठाचे निवळ पाणी आजारी माणसासाठी बाजूला काढतात. त्याला आम्ही अळणी म्हणतो. त्यात मीठ असूनही हे नाव का, ते मला कोणी सांगितलेले नाही. आई कानडी मुलखातली. ती म्हणते 'कोळी सारु'. कानडीत कोळी म्हणजे कोंबडी, पण मराठी शाळेत शिकलेल्या मला लहानपणी तो माशांचा प्रकार वाटे. गेल्या हिवाळ्यात मी आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंड्यास आत्याकडे गेलो. तिथल्या तेलुगू शेजारीणबाई कोंबडीला 'कोडी' म्हणाल्या आणि माझ्या शब्दसंग्रहात आणखी एकीची भर पडली. असो.

नेरडीगोंडा हे निर्मल-आदिलाबाद हमरस्त्यावरचे गाव. कुंतला धबधबा पाहावयास जाणारे येथेच हमरस्ता सोडतात. मी मात्र धबधब्यासाठी गेलो नव्हतो. आजी आत्याकडे असते. तिला पंधरा दिवस ताप आला होता. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती परत येईना. तोंडात दात नाहीत, भाकरी कुस्करून दिली तरी ती ताट सरकवी. डॉक्टरांनी पातळ आणि पौष्टिक काहीतरी द्या असे सांगितले होते. आतोबांनी एक गावरान कोंबडी आणली, तीही चांगली वयस्क. चुलीवर ती शिजवावयाची तर दोन-तीन तास सहज गेले असते, म्हणून मी कुकर मागितला.

वाचकहो, कुकरकडे आपण रोज पाहतो, पण त्याचे झाकण उलटे करून किती जणांनी पाहिले असेल? मी पाहिले आणि हादरलो. शिट्टीपासून थोड्या अंतरावर जी सुरक्षा झडप असते, तिच्या जागी एक स्क्रू पिळून वर लांबी भरलेली होती. कधी काळी डाळ लागली, झडप उडाली, आणि शेजारच्या एका हुशार माणसाने भोक बुजवून दिले! या झडपेत लवकर वितळणारा धातू असतो. आतील पाणी आटून उष्णता वाढली किंवा शिट्टीचे भोक डाळीने बुजले, तर वाफेला सुटण्याची ही शेवटची वाट. ती बंद केली की उरते फक्त झाकण, आणि ते उडाले तर समोर उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल ते सांगावयास नको.

आत्या म्हणाली, "अरे, दोन वर्षे यातच भात होतोय. काही झालं नाही." मी म्हणालो, "आत्या, दोन वर्षे विम्याचा हप्ता भरला नाही म्हणजे काही तो नफा होत नाही." ती रागावली, दुपारभर बोलली नाही. मी बसने इच्चोड्यास जाऊन त्याच बनावटीची झडप व रबरी रिंग घेऊन आलो. रिंगही कडक होऊन चिरली होती. तिच्यावर आपण कधी घसारा काढीत नाही, ही गृहिणींच्या जमाखर्चातील मोठी चूक होय.

आता कुकरात घडते काय ते पाहू. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. जाळ कितीही वाढवा, पाण्याची नुसती वाफ होते. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत जाते. जून कोंबडीच्या सांध्यांत व कातडीत कोलाजेन नावाचा चिवट पदार्थ असतो. एवढ्या उष्णतेत त्याचे जिलेटिन लवकर बनते व पाण्यात उतरते. सूपाला अंग येते ते त्याने. डेनिस पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली लंडनमध्ये असे भांडे दाखविले, तेही मुख्यतः हाडे मऊ करण्यासाठीच. आणि सुरक्षा झडपही त्यानेच बसविली. भांडे आणि झडप अशी जोडीनेच जन्मली, हे मी आत्याला मुद्दाम सांगितले. आपल्याकडे हॉकिन्ससारखे कारखाने १९५९ साली सुरू झाले.

कृती अशी. पाच लिटरच्या कुकरात किलोभर हाडांसकट तुकडे, पावणेदोन लिटर गार पाणी. भांडे दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. झाकण न लावता उकळी आणावी व वर येणारा फेस काढून टाकावा. हा कंटाळा केला तर सूप गढूळ होते. मग एक कांदा, बोटाच्या पेराएवढे आले, आठ पाकळ्या लसूण, दहा मिरे, चिमूटभर हळद, थोडेसे मीठ. झाकण लावून पहिली शिट्टी झाली की जाळ अगदी मंद करावा व चाळीस मिनिटे ठेवावे. कोवळी तलंग असेल तर वीस पुरेत. शिट्ट्या मोजू नयेत, घड्याळ पाहावे. शिट्ट्यांची संख्या जाळावर व रिंगेवर अवलंबून असते, मांस शिजते ते वेळाने.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडण्याचा मोह सर्वांनाच होतो. तसे केल्यास दाब एकदम उतरतो, शंभर अंशांहून तापलेले आतले पाणी खळाखळा उसळते, चरबी रश्शात घुसळली जाते, आणि हात भाजण्याची भीती वेगळीच. कुकर आपोआप थंड होऊ द्यावा. आम्ही झाकण उघडले तेव्हा पाणी निवळ, पिवळसर होते आणि वर चरबीची लहान-लहान वर्तुळे तरंगत होती.

सूपाबद्दल लोक फार बोलतात. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठातील स्टीफन रेनार्ड यांनी २००० साली कोंबडीच्या सूपाने काही पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते असे दाखविले, पण ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात. त्यावरून हे औषध ठरत नाही. शिवाय बहुतेक प्रथिने मांसातच राहतात. नुसते पाणी पाजून शक्ती येईल असे समजू नये. म्हणून मी मांस हाडांवरून काढून बारीक कुस्करले व मऊ भातात कालवले.

आजीने पहिल्या दिवशी अर्धी वाटी अळणी घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाली. पंधरा दिवसांत तिने केलेली ही पहिली तक्रार! उरलेले पातेले रात्री फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी आत्याने झाकण काढले तर सूप खरवसासारखे थरथरत होते. नासले म्हणून ती ते मोरीत ओतावयास निघाली होती, मी धावत जाऊन पातेले काढून घेतले. गरम केल्यावर ते पुन्हा पाण्यासारखे पातळ झाले. त्या वेळी आजीने वाटीभर घेतले, भातासह.