भातुकली मोडते तेव्हा

भातुकलीचा खेळ नेमका कोणत्या दिवशी संपतो, हे कुणालाच सांगता येत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांच्या मते साधारण २ ते ७ या वयात मूल लटक्या खेळात रमते. काठीचा घोडा होतो, पानाची पोळी होते. पुढे नियमांचे खेळ येतात: सागरगोटे, लगोरी, पत्ते. परंतु ही रेघ सर्वजण एकाच वेळी ओलांडत नाहीत आणि खरे दुःख तेथेच आहे.

माझी बालमैत्रीण व मी दहाव्या वर्षापर्यंत बोळकी मांडत होतो. एके दुपारी मी वाढलेल्या भाताकडे पाहून ती म्हणाली, "हे तर नुसते चुरमुरे!" खेळ तिथेच मोडला. असल्या खेळाला दोघींचा विश्वास लागतो. एकीचा उडाला की दुसरीला तो एकटीने पेलवत नाही. पुढे कित्येक महिने आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.

वस्तुतः चूक कुणाचीच नव्हती. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी असे मांडले आहे की, कुमारवयातील कल्पनाशक्ती म्हणजे कृतीवाचूनचा खेळच होय. बोळकी माळ्यावर जातात, खेळ मात्र मनात शिरतो. त्याचीच पुढे दिवास्वप्ने, कविता, नाटके होतात. आपल्या स्नेहसंमेलनात नट रिकाम्या कपातून चहा पितो आणि आपण तो गरम मानतो, तेव्हा प्रेक्षागृहात भातुकलीच मांडलेली असते. म्हणून आधी मोठ्या झालेल्या मैत्रिणीवर रुसू नये. तिचाही खेळ कोठेतरी चालूच असतो.