‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणू नका

वस्तीत हळदीची रात्र असते. डीजे बंद झाल्यावर मंडपाच्या कडेला एक तरुण आडवा पडलेला दिसतो. कोणीतरी म्हणतो, "जास्त झाली त्याला. झोपू द्या, सकाळी उतरेल." अंगावर चादर टाकून सगळे घरी जातात. अशाच रात्री माणूस हातचा जातो.

पाचवे शील आणि बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञा आपल्याला दारूपासून दूर राहायला सांगतात. ते खरेच आहे. पण समोर पडलेल्या माणसाचा जीव आधी, उपदेश नंतर. करुणाही धम्मच आहे.

शरीरात काय होते?
दारू मेंदूला मंद करते. फार झाली की श्वास चालवणारा भागही मंदावतो. पिणे थांबले तरी पोटातली दारू रक्तात उतरत राहते. म्हणून पडल्यानंतरही पुढच्या तास-दोन तासांत माणूस आणखी बिघडू शकतो. ठसका लागेनासा होतो आणि उलटी श्वासनळीत जाते. उपाशीपोटी प्यायला असेल तर रक्तातली साखर घसरते. खानदेशातल्या थंडीत उघड्यावर पडला तर अंग गार पडते.

धोक्याच्या खुणा
• हलवून, हाका मारूनही जाग येत नाही
• मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त अंतर
• ओठ-नखे निळसर, अंग थंडगार
• झटके, किंवा बेशुद्धीत उलटी
• डोक्याला मार

यातली एकही खूण दिसली तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड थोडे खाली झुकू द्या. अंग झाका. एकाने जवळच बसून श्वास पाहत राहावे. श्वास थांबला तर छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाब द्या.

लिंबू, ताक, काळी कॉफी पाजू नका. घशात बोटे घालून उलटी काढू नका. थंड पाणी ओतू नका. यातल्या कशानेही दारू उतरत नाही.

दवाखान्यात काय करतात?
दारू झटपट उतरवणारे औषध नाही. ती यकृतच हळूहळू मोडते. सलाईननेही ती धुऊन निघत नाही. डॉक्टर तोवर माणसाला सांभाळतात: श्वासाची वाट मोकळी ठेवतात, ऑक्सिजन देतात, साखर तपासून गरजेप्रमाणे ग्लुकोज देतात, रोज पिणाऱ्याला थायमिन म्हणजे बी-१ चे इंजेक्शन देतात. श्वास फारच मंदावला तर मशीन लावावे लागते. म्हणून जामनेरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात वेळेवर पोचणे महत्त्वाचे.

हातभट्टीचा वेगळा धोका
जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. मरणारे बहुतेक मजूर होते. त्या दारूत मिथेनॉल होते. हे विष लगेच कळत नाही. नशा उतरल्यावर, बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी, डोळ्यांपुढे धुके येते, पोट दुखते, धाप लागते. ही साधी ‘हँगओव्हर’ नव्हे. उशीर झाला तर दृष्टी जाते, जीवही जातो. यावर उतारा आहे, डायलिसिसही करतात. एकाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर प्यायलेल्या सगळ्यांना दवाखान्यात न्या.

पोलिसांची भीती, लोकलाज
"केस होईल" म्हणून घरचे थांबतात. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २१ च्या आधारे सांगितले आहे की आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर. हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. काय प्यायला, किती, केव्हा, सोबत कोणत्या गोळ्या घेतल्या, हे डॉक्टरांना खरे सांगा.

जीव वाचल्यावर दारू सोडण्याचे बोला. रोज पिणाऱ्याने मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी; एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पुढच्या हळदीला मंडप सोडण्यापूर्वी एकदा कडेला नजर टाका. कोणी पडला असेल, तर त्याला एकट्याला सोडू नका.

जय भीम!