पगारातून गाडी (लेखांक ७) : नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा

लीजच्या गाडीत मालकी एकाकडे आणि ताबा दुसऱ्याकडे अशी जी फारकत होते, तिचा प्राप्तिकराशी असलेला संबंध मागील लेखांकात तपशिलाने आला आहे. नोकरी सुटली तर उरलेल्या लीजच्या भाड्याचे काय होते, हा विषय या आठवड्यासाठी ठरला होता. परंतु भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक परिसरातून आलेल्या एका पत्राने असा प्रश्न पुढे आणला आहे, की जो खरे तर या लेखमालेत आरंभीच यायला हवा होता. त्यामुळे हा संपूर्ण लेखांक त्या प्रश्नालाच दिला असून नोकरी सुटण्याचा विषय पुढील आठवड्यात येईल.

पत्रातील कुटुंब पाच जणांचे आहे : एकसष्ट वर्षांची विधवा आई, थोरला विवाहित मुलगा, सून, नात आणि अद्याप शिकत असलेला धाकटा अविवाहित मुलगा. वडील हयात असताना काढलेली केशरी शिधापत्रिका आजही घरात आहे, तिच्यावर पाचही नावे आहेत आणि आईला लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. थोरल्या मुलाला मालाडच्या एका कंपनीने बढतीबरोबर गाडीची लीज देऊ केली आहे. पत्र सुनेने लिहिले असून तिचा प्रश्न थेट आहे : गाडीचे आरसी बुक लीज कंपनीच्या नावावर राहणार असेल, तर सासूबाईंचे पैसे बंद होतील का, आणि केशरी कार्ड राहील का? प्रश्न एका वाक्यात असला तरी ते दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. कारण ज्या दोन नियमांनी हे लाभ ठरतात, त्या नियमांत गाडीविषयी वापरलेले शब्दच निराळे आहेत.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका लागू झाल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना पिवळी, त्याहून अधिक पण १ लाखाच्या आत असलेल्यांना केशरी आणि १ लाख वा अधिक उत्पन्न असलेल्यांना शुभ्र, अशी ती विभागणी होती. केशरी पत्रिकेसाठी उत्पन्नाबरोबर आणखी एक अट घातली गेली, ती अशी की कुटुंबातील कोणाही व्यक्तीकडे चारचाकी यांत्रिक वाहन नसावे. टॅक्सीचालकांना मात्र त्यातून वगळले गेले. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा असून त्यातील अपात्रतेच्या यादीत, ज्यांच्या कुटुंबातील सदस्यांच्या नावावर ट्रॅक्टर वगळून चारचाकी वाहन नोंदणीकृत आहे, अशा महिलांना लाभ मिळणार नाही, असे म्हटले आहे. एका नियमात ‘कडे’ आणि दुसऱ्यात ‘नावावर नोंदणीकृत’, एवढाच दोन्ही शब्दयोजनांतला फरक आहे आणि स्वतः पैसे देऊन किंवा कर्ज काढून गाडी घेणाऱ्याच्या बाबतीत त्या फरकाला काहीच अर्थ उरत नाही, कारण ज्याच्याकडे गाडी असते, तिची नोंदणीही त्याच्याच नावावर असते. लीजच्या गाडीत हे दोन शब्द पहिल्यांदाच एकमेकांपासून सुटे होतात.

दोन्ही नियमांतील सवलतीही पाहण्यासारख्या आहेत. टॅक्सी वगळली गेली, कारण ती पोटापाण्याचे साधन आहे. ट्रॅक्टर वगळला गेला, कारण तो शेतीचे अवजार आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर गाडीचे मोल नव्हते, तर गाडीचा उपयोग होता, आणि उपयोग कमाईसाठी नसेल तर ती ऐपतीची खूण मानावी, असा विचार दोन्हीकडे दिसतो. वस्तूवरून ऐपत ओळखण्याची ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेत ग्रामीण कुटुंबांना गरिबांच्या यादीतून आपोआप वगळण्यासाठी जे निकष होते, त्यांत यांत्रिक दुचाकी, तीनचाकी आणि चारचाकी यांच्या जोडीला यांत्रिक मासेमारी बोटही होती. उत्तनच्या कोळीवाड्यातील माणसाला हा निकष सांगितला, तर बोट ही ऐपतीची खूण की रोजगाराचे साधन, असा प्रश्न तो नक्की विचारील, आणि तो प्रश्न रास्त ठरेल.

आता नोंदणीकडे वळता येईल. लीजची गाडी नेहमीच लीज कंपनीच्या नावावर नोंदली जाते, हा समज सर्वत्र खरा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) मध्ये मालक या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. परंतु वाहन भाडेखरेदी, लीज किंवा तारण या करारांखाली असेल, तर त्या करारान्वये ज्याच्या ताब्यात वाहन आहे तो मालक मानला जातो. कलम ५१ अन्वये अशा कराराची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर करण्याची सोयही आहे. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांत ही व्याख्या फार महत्त्वाची ठरली असून तारणाच्या कर्जातील गाडीच्या बाबतीत भरपाईचे दायित्व पैसे पुरवणाऱ्या संस्थेवर नव्हे, तर ताबा असलेल्या व्यक्तीवर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गोदावरी फायनान्सच्या आणि २०१४ मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

याच व्याख्येतून उभे राहिलेले आयसीडीएस कंपनीचे प्रकरण या विषयाच्या अभ्यासकाला विसरता येणार नाही. या कंपनीने वाहने विकत घेऊन ग्राहकांना लीजवर दिली होती आणि नोंदणी ग्राहकांच्या नावावर झाली होती; कंपनीने घसाऱ्याची, म्हणजे वापराने मालमत्तेचे मूल्य घटते त्यापोटी प्राप्तिकरात मिळणारी वजावट मागितली, तेव्हा नोंदणी दुसऱ्याच्या नावावर असताना कंपनी मालक कशी, असा आक्षेप प्राप्तिकर विभागाने घेतला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मोटार वाहन कायद्यातील व्याख्या त्या कायद्यापुरती आहे, प्राप्तिकराच्या दृष्टीने लीज देणाराच मालक, असे त्याचे सार आहे. म्हणजे एकाच गाडीला एकाच वेळी दोन कायद्यांखाली दोन वेगळे मालक असू शकतात आणि दोन्ही मालक्या खऱ्या असतात. लीज समजून घेताना हा निकाल जितका प्रकाश देतो, तितका बाजारातील कोणतेही माहितीपत्रक देत नाही.

म्हणून पत्रलेखिकेने ज्याला गृहीत धरले आहे, त्या आरसीवरील नावाची खातरजमा आधी करायला हवी. आरसीच्या कार्डावर मालकाचे नाव आणि कराराची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. मालकाच्या जागी लीज कंपनीचे नाव असेल, तर लाडकी बहीण योजनेच्या शब्दांनुसार ते वाहन कुटुंबातील सदस्याच्या नावावर नोंदणीकृत नाही. मालकाच्या जागी नोकरदाराचे नाव आणि लीज ही केवळ नोंद असेल, तर ते नोंदणीकृत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ५ लाख महिला अपात्र ठरवल्या गेल्याचे सरकारने जाहीर केले, तेव्हा ज्या कारणांनी नावे वगळली त्यांत कुटुंबातील चारचाकीचेही कारण होते. अशी पडताळणी नोंदणीच्या याद्यांवरून होते आणि लीज कंपनीच्या नावावरची गाडी इंद्रलोकच्या कोणत्याही घराशी त्या यादीतून जोडली जात नाही. ती जोडली जाते ती दुसऱ्याच एका वहीत : गृहनिर्माण संस्थेच्या पार्किंगच्या नोंदवहीत सदनिकेच्या क्रमांकापुढे गाडीचा क्रमांक लिहिलेला असतो, कारण संस्थेला नावाशी नव्हे, तर ताब्याशी कर्तव्य असते.

मात्र लाडकी बहीण योजनेच्या बाबतीत आरसीच्या आधी पाहायची गोष्ट म्हणजे ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या होय. या योजनेपुरते कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. त्यामुळे पत्रातील आईच्या कुटुंबात ती स्वतः आणि धाकटा मुलगा एवढेच येतात. थोरला मुलगा विवाहित असल्याने तो, त्याचा पगार, त्याचा प्राप्तिकर आणि त्याची गाडी, मग ती कोणाच्याही नावावर असो, त्या व्याख्येबाहेर राहते. उलट धाकट्याला उद्या नोकरी लागली आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले, किंवा तो प्राप्तिकर भरू लागला, तर थोरल्याने लीज नाकारली तरीही आईचा लाभ संपेल. सुनेला काळजी थोरल्याच्या गाडीची आहे. लाभाचे भवितव्य मात्र धाकट्याच्या पहिल्या पगाराशी बांधलेले आहे. आई ६५ वर्षांची होईपर्यंतच ही योजना तिला लागू आहे, हेही येथे लक्षात ठेवावे.

शिधापत्रिकेचे गणित याच्या नेमके उलट आहे. तिच्यावर पाचही नावे एकत्र आहेत, चूल एक आहे, आणि नियमातील शब्द ‘कडे’ असा आहे. लीजची गाडी रोज संध्याकाळी इमारतीखाली उभी राहणार, तिची किल्ली घरातल्या खुंटीवर लटकणार, तिचे पेट्रोल आणि फास्टॅग थोरला मुलगा सांभाळणार; अशा स्थितीत ती कुटुंबाकडे नाही, असे म्हणणे भाषेच्या आणि न्यायाच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारे नाही. आरसीवर कंपनीचे नाव आहे, हा युक्तिवाद येथे गैरलागू ठरतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, गाडी येण्यापूर्वीच, थोरल्या मुलाचा वार्षिक पगार १ लाखाच्या वर गेला त्याच वर्षी, ही पत्रिका केशरी राहण्यास पात्र उरलेली नव्हती. १९९९ मध्ये ठरलेली १ लाखाची मर्यादा महागाईच्या मानाने कालबाह्य आहे आणि ती वाढवली जावी, हे या लेखमालेचे आग्रहाचे मत आहे. तथापि मर्यादा आहे तोवर ती लागू आहे.

लीजमुळे पगार कागदावर कमी होतो, मग उत्पन्नही कमी धरले जाईल का, असा उपप्रश्न पत्राच्या तळाशी आहे. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतील नियम ३ प्रमाणे, कार्यालयीन आणि खाजगी अशा दोन्ही वापराच्या व खर्च कंपनी उचलत असलेल्या गाडीपोटी नोकरदाराच्या उत्पन्नात १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी महिना १,८०० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये आणि चालक दिल्यास आणखी ९०० रुपये धरले जात. नियमांनी ठरवलेली ही रक्कम म्हणजे परक्विझिट, अर्थात पगाराखेरीज मिळणाऱ्या सवलतीचे करापुरते ठरवलेले मूल्य. समजा लीज आणि गाडीचा खर्च मिळून महिना २५,००० रुपये पगारातून वळते झाले, तर लहान इंजिनाच्या, चालक नसलेल्या गाडीसाठी त्या दराने वर्षाला ३ लाखांऐवजी २१,६०० रुपयेच करपात्र धरले जात आणि करपात्र उत्पन्न २,७८,४०० रुपयांनी घटत असे. परंतु लाखांच्या पगारातून एवढी घट झाली, तरी तो पगार केशरी पत्रिकेच्या १ लाखाखाली येत नाही. ज्याला लीज परवडते, त्याला ही घट त्या मर्यादेच्या आत आणूच शकत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा उपप्रश्न खराखुरा उभा राहतो. ब्रिटनमध्ये पगाराचा काही भाग सोडून त्याबदल्यात कंपनीमार्फत गाडी घेण्याची पद्धत रूढ आहे. युनिव्हर्सल क्रेडिट हा तेथील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारा मासिक लाभ ठरवताना सोडलेला पगार धरला जात नाही आणि गाडीच्या रूपाने मिळालेली सवलतही धरली जात नाही. मात्र हाती येणारा पगार किमान वेतनाखाली नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेटेड लीज या नावाचा नोकरदार, नोकरी देणारी कंपनी आणि लीज कंपनी यांच्यातील तिहेरी करार चालतो. मुलांच्या संगोपनासाठी मिळणारा फॅमिली टॅक्स बेनिफिट ठरवताना तेथे अशा सवलतीचे नोंदवलेले मूल्य उत्पन्नात परत मिळवले जाते. जुलै २०२२ पासून पात्र इलेक्ट्रिक गाड्यांना त्या सवलतीवरचा कर माफ झाला, तरी लाभाच्या हिशेबात तिची नोंद कायम राहिली. दोन्ही देश गाडीपोटी वळत्या झालेल्या पैशाकडे पाहतात; महाराष्ट्राचे नियम पैशाबरोबर खुद्द गाडीकडेही पाहतात. करात लीजने जे वाचते, त्याचा लाभाच्या पात्रतेवर म्हणूनच येथे परिणाम होत नाही, आणि दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा मात्र होतो.

इंद्रलोकच्या पत्राला उत्तर आता देता येते. केशरी पत्रिका राहणार नाही आणि ती ठेवू नये. शिधावाटप कार्यालयात अर्ज करून ती शुभ्र करून घ्यावी. थोरल्याचे बिऱ्हाड खरोखर स्वतंत्र झाले, तरच पत्रिका विभक्त करण्याचा अर्ज करावा, एका चुलीवर जेवून दोन पत्रिका काढण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. आईच्या १,५०० रुपयांना थोरल्याच्या लीजमुळे धक्का लागत नाही. फक्त पिवळी किंवा केशरी पत्रिका असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून जी सूट मिळते, ती पत्रिका शुभ्र झाल्यावर उरत नाही. म्हणून पत्रिकेचा अर्ज करतानाच तहसीलदाराकडून आईचा उत्पन्नाचा दाखला काढून घ्यावा, आणि तो अर्ज भरताना कुटुंबाच्या रकान्यात योजनेच्या व्याख्येप्रमाणे आई आणि धाकटा मुलगा यांचीच नावे आहेत, हे पाहून घ्यावे.